किल्लेदाराचं दुखणं

"गाठ जरा उजवीकडे घे," मी म्हणाले. "आणि फार आवळू नकोस."

स्नेहल मला नऊवारी नेसवत होती. स्नेहल म्हणजे अप्पा जोगळेकरांची सून. आडिवळ्याच्या लक्ष्मी-नारायणाच्या उत्सवात कीर्तनकाराचा मुक्काम नेहमी अप्पांकडेच असतो, कारण त्यांचं घर देवळाला लागून आहे आणि देवळातलं पानही त्यांना विचारल्याशिवाय हलत नाही. निऱ्या खोचताना तिचा हात माझ्या पोटाच्या डाव्या बाजूला लागला आणि तिथेच थांबला.

"बाई, हे काय टणक लागतंय?"

"खडीसाखरेची डबी. कीर्तनात घसा सुकतो माझा."

खडीसाखर होती, पण ती उजवीकडे, कनवटीला. डावीकडची डबी कापडाखाली नव्हती, कातडीखाली होती. बुटाच्या पॉलिशची डबी असते ना, साधारण तेवढी. तिच्यातून एक बारीक नळी कातडीच्या आतून फिरून पाठीच्या कण्यात जाते आणि थेंबाथेंबानं औषध सोडत राहते. त्याआधी तीन वर्षं मी पाठीमुळे अंथरुणाला खिळले होते. दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्यानंतर सर्जन म्हणाले, फोटो अगदी छान आलाय. फोटोची पाठ बरी झाली होती, माझी नाही. मग पुण्यात वेदनेचे म्हणून वेगळे डॉक्टर असतात असं कळलं आणि त्यांनी ही डबी बसवली. दुखणं गेलं असं मी म्हणणार नाही. ते उठून शेजारच्या खोलीत जाऊन बसलं. मधूनमधून खोकतं, मी आहे म्हणून कळवतं, पण माझ्या उरावर बसत नाही. मला तेवढं पुष्कळ होतं. तेवढ्यावर मी पोळ्या लाटल्या, नातवाला मांडीवर घेतलं आणि आता पुन्हा नारदाच्या गादीवर उभी राहायला निघाले होते.

त्या डबीत काय असतं ते मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. ते मॉर्फिन असतं. म्हणजे अफूच्याच घराण्यातलं.

आणि आडिवळ्याला माझं नाव झालं होतं ते अफूच्याच आख्यानावर.

किल्लेदाराचं आख्यान मी स्वतः रचलेलं. एक शूर किल्लेदार अफूच्या नादी लागतो आणि एका गोळीसाठी शत्रूला किल्ल्याचा दरवाजा उघडून देतो, एवढीच गोष्ट. पण मी ती रंगवत असे झकास. किल्लेदाराची अफू चुकते, तो जमिनीवर लोळतो, पहारेकऱ्यांच्या पाया पडतो, ती नक्कल मी केली की हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी येई, आणि दरवाजा उघडला की तेच लोक मुके होत. ते ऐकून गावातल्या काही जणांनी तंबाखूसुद्धा सोडली होती, असं अप्पा सगळ्यांना सांगत. यंदा त्यांनी निरोपच पाठवला होता: तीन वर्षांनी येताय, आख्यान किल्लेदाराचंच हवं.

त्या निरोपाला शेपूटही होतं. माघातल्या उत्सवातली ही कीर्तनाची तिथी माझ्या वडिलांकडे असायची. ते पाय थकेपर्यंत इथे उभे राहिले, मग मी. माझ्या आजारपणात एका तरुण बुवांनी वेळ निभावून नेली होती आणि आता देवळाच्या पंचांचं म्हणणं होतं की तिथी त्यांनाच देऊन टाकावी, बाईंच्या पाठीचा काय भरवसा. अप्पांनी त्यांना थोपवून धरलं होतं. "यंदा बाई दोन तास उभ्या राहिल्या की विषय संपला," असं ते म्हणाले होते. कीर्तनकार नारदाच्या गादीवर एकदा चढला की आरती होईपर्यंत टेकत नाही, ही रीत. माझी परीक्षा होती आणि ते मला चांगलं ठाऊक होतं.

पदर खोचून झाला तेवढ्यात मागच्या खोलीतून आवाज आला. "अगं आई गं." मोठा नव्हे. श्वासाबरोबर बाहेर पडावा तसा.

"सासूबाई," स्नेहल म्हणाली. "दिवसभर असंच चालू असतं. तुम्हाला भेटायचंय त्यांना."

जानकीकाकू, म्हणजे अप्पांच्या पत्नी, कुशीवर पडल्या होत्या. आजार मणक्यात उतरला होता आणि आता बरा होण्यातला नव्हता, हे मला आल्याआल्याच कळलं होतं. पूर्वी कीर्तनानंतर माझ्या पानात आग्रह करकरून पुरणपोळी वाढणारी ही बाई, आता तिची कूस बदलायलाही दोन माणसं लागत होती.

"ये गो हेमा," त्या म्हणाल्या. "उभी राहतेस ना आज?"

"राहते, काकू."

"खिडकी उघडी ठेवायला सांगितलीय. इथून सगळं ऐकू येतं देवळातलं. तुझा किल्लेदार पुन्हा ऐकायचाय." त्या थांबल्या. ओठ घट्ट मिटले, मग सोडले. "तुझी पाठ तेलानं बरी झाली म्हणे."

उशाशी स्टुलावर हिरव्या तेलाची बाटली होती. ही करणी माझ्या यजमानांची. श्रीपाद पेटीवर माझी साथ करतात आणि बोटं जशी पेटीवर चालतात तशी त्यांची जीभ कुठेही चालते. गेल्या दिवाळीत अप्पांचा फोन आला, बाईंना गुण कशानं आला म्हणून विचारलं, तेव्हा यांनी घाईघाईत कुठल्याशा वैद्याचं तेल पुढे केलं. तेव्हापासून काकूंच्या पाठीला ते तेल लागत होतं.

"डॉक्टरांनी काही दिलं नाही?" मी विचारलं.

"दिल्यात की गोळ्या. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी. देवघरातल्या फडताळात आहेत." कुणाविषयी तक्रार नव्हती त्या आवाजात. "हे म्हणतात, ती अफू आहे. आपल्या घरात कधी सुपारीचं खांडसुद्धा कुणी खाल्लं नाही, आणि शेवटी अफू खाऊन जायचं का? म्हणतात, हेमलताबाईंनी काय सांगितलं ते आठव." त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तो कढत होता. "तुझंच ऐकतात हो ते. माझं कुठे ऐकतात."

मी काकूंचं पांघरूण सारखं केलं आणि बाहेर आले.

पडवीत श्रीपाद पेटीला फडकं मारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं.

"अहो, सांगून टाकू का अप्पांना?"

"आत्ता?" ते दचकले. "कीर्तनाच्या तोंडावर? अगं, अफू पोटात घेऊन आलेल्या बाईला ते गादीवर चढू देतील? आरती होऊ दे. मग मी सांगतो, हवं तर."

"तुम्ही नका सांगू. तुम्ही तेल सांगितलंत."

त्यांनी फडकं घडी करून ठेवलं. मग म्हणाले, "आणि ती आज वाजली नाही म्हणजे मिळवली."

त्याचीही एक गोष्ट होती. दर दीड-दोन महिन्यांनी पुण्याला जायचं, पोटावरून डबीत सुई घालून औषध भरून घ्यायचं, टीव्हीच्या रिमोटसारखं एक यंत्र वरून फिरवून किती सोडायचं ते डॉक्टर ठरवणार, असा माझा नेम होता. या खेपेला औषधच पुण्यात वेळेवर आलं नाही. डॉक्टर म्हणाले, शनिवारी या, तोवर पुरेल. मधे डबी वाजेल कदाचित. वाजली म्हणजे संपत आलंय, संपलेलं नाही. घाबरू नका, पण शनिवार चुकवू नका. एकदा वाजायला लागली की तासातासाला वाजेल. आणि तो गुरुवार होता.

चार वाजता मी गादीवर उभी राहिले. देऊळ भरलं होतं. डाव्या खांबाला टेकून अप्पा बसले होते, पांढरं धोतर, कपाळाला गंध, शेजारी नारळांची टोपली. ही टोपली म्हणजे अप्पांनी घातलेला कायदा. कीर्तनात ज्याचा मोबाईल वाजेल त्यानं सगळ्यांदेखत उठायचं, टोपलीतला एक नारळ गादीसमोर ठेवायचा, कीर्तनकाराला नमस्कार करायचा आणि मग खाली बसायचं. लाजेनं माणूस पुन्हा म्हणून मोबाईल घेऊन येत नाही.

पूर्वरंग, म्हणजे आख्यानाआधीचं निरूपण, छान चालला होता. श्रीपादनी पेटीवर पांढरी चारचा सूर धरला होता, दिगंबर गुरवाचा तबला घुमत होता आणि माझी पाठ शेजारच्या खोलीत शांत बसली होती. मला वाटलं होतं आवाज उघडणार नाही, पण उघडला. कोपऱ्यात एक गृहस्थ डुलकी घेत होते. कीर्तनात झोपणाऱ्याला मी कधी सोडत नाही, तो माझा स्वभावच नाही.

"झोपू द्या त्यांना," मी झांज थांबवून म्हणाले. "नारायणसुद्धा शेषावर झोपलेलाच असतो. पण त्याचे पाय चेपायला लक्ष्मी आहे. यांच्या घरून कुणी आलंय का?"

देऊळ खदखदलं. ते गृहस्थ खडबडून ताठ झाले. आणि त्या हसण्याच्या शेवटी, लोक शांत होत असताना, आवाज आला.

टीं.

एकच, पातळ, लांबलेला.

जिभेला सवय असते, डोक्याच्या आधी ती पळते. "घ्या," मी म्हणाले. "कुणाला तरी नारायणाआधी नातवाचा फोन आलाय. टोपली वाट बघतेय."

पुन्हा हशा. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि मग सदऱ्याचा खिसा चाचपत अप्पा उठले. मुलानं त्यांना महिन्यापूर्वीच मोबाईल घेऊन दिला होता, तो कसा वाजतो हेही त्यांना धड माहीत नव्हतं. तो हातात धरून ते त्याच्याकडे एखाद्या आगंतुकाकडे बघावं तसं बघत होते.

"माझाच असणार," ते म्हणाले. "बंद करायचा राहिला."

त्यांनी टोपलीतला नारळ घेतला आणि गादीसमोर ठेवला. कायदा करणाराच कायद्यात सापडला, म्हणून देऊळभर अशी मजा उडाली की विचारू नका. अप्पांनी वाकून मला नमस्कार केला. मी हसतच श्रीपादकडे पाहिलं. ते हसत नव्हते. त्यांचा भात्यावरचा हात थांबला होता आणि नजर माझ्या पोटावर होती.

तेव्हा मला कळलं.

पूर्वरंग मी कसा संपवला ते आठवत नाही. मध्यंतरात नामाचा गजर सुरू झाला, रीतीप्रमाणे हार आणि बुक्का घेऊन अप्पाच आले. कपाळाला बुक्का लावताना हळूच म्हणाले, "माझ्यामुळे रसभंग झाला, बाई. क्षमा असावी." पंचाहत्तरीचा माणूस माझ्या पायांवर वाकला. मी "अप्पा" एवढंच म्हणाले, पुढचं गजरात बुडालं.

ते वळले तसे श्रीपाद पेटीवरून मान लांबवून माझ्याजवळ आले.

"साडेपाचला परत वाजेल," ते कुजबुजले. "मी घड्याळावर नजर ठेवतो. वेळ झाली की मी सूर मोठा करतो, तू गजर सुरू कर. देऊळभर नारायण नारायण चाललं की कुणाच्या बापाला ऐकू येणार नाही."

युक्ती बरी होती. तसं केलं असतं तर आजचा दिवस निभावला असता, तिथी माझी राहिली असती आणि अप्पांना एका नारळापलीकडे तोशीस पडली नसती. मी मान डोलावली.

उत्तररंग सुरू झाला. किल्ला उभा केला, बुरूज उभे केले, किल्लेदाराची मिशी उभी केली. लोक पुढे सरकून बसले. मग अफू आली. पहिल्यांदा गंमत म्हणून, मग रोज. मग एक दिवस गोळी चुकते आणि किल्लेदार लोळायला लागतो. इथे मी कंबरेत वाकते, हात पसरते आणि घोगऱ्या आवाजात म्हणते, "द्या रे, एवढीशी द्या. आई गं. नखाएवढी द्या." तशी मी म्हणाले. देऊळ फुटेस्तोवर हसलं. अप्पासुद्धा खांबाला डोकं टेकून हसत होते.

हसणं ओसरलं. आणि उजव्या बाजूच्या खिडकीतून, अंगणापलीकडून, आवाज आला.

"अगं आई गं."

तोच सूर. मी काढला होता तोच, फक्त तो नकलेचा नव्हता. लोकांना तो रोजचा होता, त्यांनी ऐकलाही नसेल. पण अप्पांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं आणि त्यांनी खिडकीकडे न बघता मान खाली घातली. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांना ते रात्रंदिवस ऐकू येत असणार.

मी तशीच वाकून उभी होते. मला त्या क्षणी स्वतःची इतकी चीड आली की हातातली झांज टाकून द्यावीशी वाटली. तीन वर्षं मी स्वतः हाच सूर काढला होता आणि उठल्या उठल्या पहिलं काम काय केलं, तर त्याची नक्कल करून लोकांना हसवलं.

श्रीपादना वाटलं मी वेळेसाठी थांबले आहे. त्यांनी घड्याळ पाहिलं, भाता दाबला, वरचा सूर धरला आणि स्वतःच "नारायण नारायण" सुरू केलं. दिगंबरानं थाप दिली. लोकांनी टाळ्या धरल्या. मी दोन पावलं सरकले आणि पेटीचा भाता हातानं मिटला.

गजर अर्ध्यात पडला. लोक बघत राहिले. श्रीपादनी मान वर केली, आणि मग, माझ्यासोबत इतकी वर्षं काढलेला माणूस तो, त्यांनी दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवले.

देवळात शांतता झाली. समईची वात चरचरत होती.

टीं.

अप्पांचा हात खिशाकडे गेला.

"राहू द्या, अप्पा," मी म्हणाले. "तो तुमचा फोन नाही. मघाशीही नव्हता. तुमचा नारळ उचलून घ्या, तो दंड माझा आहे."

मी टोपलीतून एक नारळ घेतला आणि गादीसमोर त्यांच्या नारळाशेजारी ठेवला. मग पोटावर डावीकडे हात ठेवला.

"हे इथे वाजतंय. माझ्या पोटात एक डबी बसवलेली आहे. माझी पाठ तेलानं बरी झालेली नाही. ते तेल आमच्या पेटीवाल्यांनी जन्माला घातलंय." दोघंतिघं हसले आणि थांबले. "या डबीतून माझ्या कण्यात औषध जातं आणि ते अफूपासूनच होतं. तिच्या जोरावर मी आज तुमच्यापुढे उभी आहे. अफूच्या जोरावर मी तुम्हाला अफूचं कीर्तन सांगतेय."

मागच्या बाजूला कुणाची तरी बांगडी वाजली, तेवढंच.

"या किल्लेदाराला मी किती वर्षं लोळवलं. तुम्हीही हसलात, मीही हसले. पण एक गोष्ट मी कधी सांगितली नाही, कारण मला ती माहीतच नव्हती. किल्लेदाराला दुखत काय होतं? मी त्याला कधी विचारलं नाही. लढाया मारलेला माणूस, कुठेतरी बंदुकीची जुनी गोळी रुतली असेल. ज्याला दुखत नाही त्यानं चैनीसाठी घेतली तर ती दरवाजा उघडते, हे मी आजही सांगेन. पण मला डॉक्टरांनी एक खूण सांगितलीय. म्हणाले, बाई, चटक लागलेल्याचं आयुष्य आक्रसत जातं. तुमचं आक्रसतंय की पसरतंय, तेवढं बघत राहा. मी अंथरुणावर होते, ती आडिवळ्यापर्यंत आले. आता तुम्हीच काय ते ठरवा. दुखणाऱ्या माणसाला वैद्यानं दिलेलं औषध म्हणजे व्यसन, असं कुणी माझ्या कीर्तनातून घेऊन गेलं असेल, तर ते त्यानं इथे परत ठेवावं. ती माझी चूक, त्याची नव्हे."

अप्पा उठले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नारळ उचलला नाही. उपरणं खांद्यावर घेतलं आणि बसलेल्या माणसांमधून वाट काढत ते देवळाच्या बाहेर गेले. चाळीस वर्षांत अप्पा जोगळेकर कीर्तन अर्धं टाकून उठलेले कुणी पाहिले नव्हते. देवळात कुजबूज सुरू झाली. पंचांपैकी दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि एकानं नकाराची मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको होता. वडिलांची तिथी माझ्या डोळ्यांदेखत गेली.

पण आख्यान अर्धं टाकता येत नाही. मी किल्लेदार पुरा केला. दरवाजा त्यानं उघडलाच, तो काही मी बंद केला नाही. केलेलं पाप गोष्टीतही पुसता येत नाही. फक्त या वेळी त्याच्या मांडीत गोळी रुतलेली होती आणि गडावर इतकी माणसं असून त्याला कुणी विचारलं नव्हतं. लोक हसले नाहीत. टाळ्याही नेहमीसारख्या पडल्या नाहीत. आरतीचं तबक दुसऱ्याच पंचांनी धरलं. मी शेवटपर्यंत उभी होते, पण ते आता कोण मोजणार होतं?

आरतीनंतर अंगण ओलांडताना श्रीपाद म्हणाले, "सहाच्या पुढे एक एसटी आहे. पिशव्या भरायला किती वेळ लागतो."

"तुम्हाला राग आलाय?"

"राग कसला. मला त्या तेलाची लाज वाटतेय."

घर जवळ आलं तसं माझं पाऊल अडखळलं. काहीतरी चुकल्यासारखं वाटलं आणि काय ते लगेच कळेना. मग लक्षात आलं. आवाज नव्हता. सकाळपासून या घरात पाऊल टाकलं की जो कानावर पडत होता, तो आवाज बंद होता. मी श्रीपादचा हात धरला.

मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर अप्पा बसले होते. आम्हाला पाहताच त्यांनी बोट ओठांवर ठेवलं.

"हळू," ते म्हणाले. "झोपलीय."

आत काकू पाठीवर निजल्या होत्या. पाठीवर. तोंड किंचित उघडं होतं आणि छाती सावकाश, एका लयीत वर-खाली होत होती. पाण्याचं फुलपात्र आणि गोळ्यांचं पाकीट स्टुलावर होतं. तेलाची बाटली कुणीतरी खाली ठेवली होती.

अप्पांनी पाकीट उचलून माझ्यापुढे धरलं.

"बाई, दुसरी केव्हा द्यायची असते?"

मला उत्तर माहीत नव्हतं, आणि माझ्या अंदाजानं द्यायची ती गोष्ट नव्हे. श्रीपादनी अप्पांच्याच मोबाईलवरून पाकिटावरचा नंबर लावून रत्नागिरीच्या डॉक्टरांना गाठलं आणि अप्पांनी, महिन्याभरात पहिल्यांदाच असेल, तो फोन नीट कानाला लावून सगळं दोनदोनदा विचारून घेतलं. एसटी गेली. आम्ही राहिलो.

याला आता अकरा वर्षं झाली. माझी डबीसुद्धा एकदा बदलून झाली, आतली बॅटरी संपली म्हणून. काकू त्यानंतर पावसाळाभर होत्या. स्नेहल फोनवर सांगायची, आज खुर्चीत बसल्या, आज मला मोदकाच्या पाऱ्या करायला शिकवल्या, आज सासऱ्यांशी भांडल्या. मी दरवर्षी त्या तिथीला आडिवळ्याला जाते. पंचांची समजूत अप्पांनी कशी काढली ते मला ठाऊक नाही. त्यांनी मला एवढंच सांगितलं होतं: "पुढच्या वर्षी या. मात्र पोटात नीट भरून घेऊन या, देवळात नारळ फार नाहीत."

पण मला आठवते ती दुसरी सकाळ. आम्ही निघायच्या तयारीत होतो. मी काकूंना नमस्कार करायला आत गेले तर त्या उशीला टेकून पेज पीत होत्या आणि स्नेहलला सांगत होत्या की पेजेत मीठ नाही, सासरी येऊन इतकी वर्षं झाली तरी मिठाचा अंदाज नाही. अप्पा दारात उभे राहून ते ऐकत होते आणि डोळे पुसत होते.

मला पाहून काकू ओशाळल्या.

"हेमा, रागावू नकोस हं," त्या म्हणाल्या. "इतकी खिडकी उघडी ठेवून घेतली, पण तुझा किल्लेदार शेवटपर्यंत ऐकलाच नाही. मधेच डोळा लागला गो माझा."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. माझ्या कीर्तनात झोपलेल्या एकाही माणसाला मी आजवर सोडलेलं नाही. त्या एका बाईला मात्र मी म्हणाले, "झोपा, काकू. चांगल्या झोपा."